ओल्या पोत्यावरची शक्ती

राख उभी राहिली, तेव्हा मांडवातली दोन-अडीचशे माणसं एकदम पुढे सरकली आणि कडेचा एक बांबू वाकला.

मी खोटं सांगत नाही. राख खरंच उभी राहिली. चौरंगावर पितळेचं मोठं ताट, ताटात काळी भुकटी, भुकटीवर एका पोरीचा उपडा धरलेला हात. महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि त्या सपाट भुकटीतून साळिंदरासारखे काटे वर आले. महाराज जरा डावीकडे झुकले, तसे काटेही डावीकडे झुकले. बायांनी हात जोडले. माझ्या शेजारच्या माणसाने टोपी काढली.

"पहा, डोळे भरून पहा," महाराज म्हणाले. "ही राख नाही, हा या कन्येचा आजार आहे. ब्रह्मांडातली विद्युत पिंडात अडकली, की मेंदूत असे काटे उगवतात. डॉक्टर को दिखता है क्या? मशीनमध्ये येतं का? नाही येत. अरे, मशीन कुणी केली?"

"माणसानं," मांडव म्हणाला.

"आणि माणूस कुणी केला?"

"देवानं."

"मग ऐकायचं कुणाचं?"

यावर जो गजर झाला, त्यात विचार करणाऱ्याला विचार करायला जागाच उरली नाही. गजराचं कामच ते असतं.

महाराजांचं नाव तेजोनाथ. गावातली माणसं त्यांना 'करंटवाले महाराज' म्हणत, कारण राख हा नुसता नमुना होता. खरा माल त्यांच्या उजव्या हाताला होता. भगव्या कापडात गुंडाळलेलं एक प्लास्टिकचं पिंप, पिंपात काठोकाठ वाळू आणि वाळूत रोवलेला पुरुषभर उंचीचा लोखंडी त्रिशूळ. त्रिशुळासमोर गंगाजलाने भिजवलेलं एक पोतं. भक्ताने चपला मांडवाबाहेर काढायच्या, पाय धुवायचे, त्या ओल्या पोत्यावर उभं राहायचं आणि त्रिशूळ धरायचा. शेजारी शिष्य झांज घेऊन बसलेला. झांज खणकन वाजली, की त्रिशूळ धरणारा गडी खांद्यापासून हादरायचा. पुन्हा झांज, पुन्हा हादरा. रानडुकराच्या मागे काठी घेऊन धावणारी माणसं तिथे थरथरत "शक्ती, शक्ती" म्हणत खाली बसताना मी पाहिली. महाराज मात्र पायात खडावा घालून तोच त्रिशूळ एका हाताने धरून खुशाल गप्पा मारत.

राखेवर हात धरून बसलेली पोरगी प्रियदर्शनी. आठवीतली, माझ्या वर्गातली. मी अश्वजित, गावच्या शाळेत सोळा वर्षं विज्ञान शिकवतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मंगरूळपीर आणि मानोऱ्याच्या मधलं कुठलंही गाव घ्या, चालून जाईल.

प्रियदर्शनीला मिरगीचा आजार होता. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सुचिता मॅडमनी तिला गोळ्या चालू केल्या, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. त्यानंतर दोन वर्षं चार महिन्यांत तिला एकदाही फिट आली नव्हती. मॅडम म्हणाल्या होत्या, अजून आठ महिने असेच गेले, की गोळी हळूहळू कमी करू, कदाचित कायमची सुटेल. फक्त आठ महिने राहिले होते. आणि इथे तेजोनाथ महाराज तिच्या आईला सांगत होते, "गोळी आणि शक्ती एका देहात नांदत नाहीत, माई. गोळी आजपासून बंद. पाच गुरुवार त्रिशूळ."

आई म्हणाली, "जी महाराज."



आई म्हणजे आवडाबाई. नवरा गेल्यापासून गावाला लागून असलेल्या अर्ध्या एकराच्या मळ्यात मेथी, वांगी, कांद्याची पात पिकवते आणि सकाळच्या पहिल्या एसटीने मंगरूळपीरच्या बाजारात नेऊन विकते. कष्टाळू आणि हिशेबाने वागणारी बाई. भाजी घेणाऱ्याने जुडी उलगडून पाहिली, तर ती जुडी परत बांधून त्याच्याच हातात देते.

त्याच संध्याकाळी मी मळ्यात गेलो. ती कुंपण तपासत होती. आमच्याकडे रानडुकरं आणि रोही म्हणजे नीलगायी उभं पीक रातोरात लोळवतात, म्हणून प्रत्येकाच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, झटका मशीन असतं. एक छोटी पेटी, सूर्यावर भरणारी बॅटरी आणि वावराभोवती ताणलेली तार. पेटी दर सेकंदाला टक करते आणि तारेत झटका सोडते. जनावर मरत नाही, पण पुन्हा त्या वाटेला जात नाही. तारेत झटका आहे की नाही, हे पाहायला कुणी हात लावत नाही. धुऱ्यावरची हिरवी गवताची काडी तोडायची, तिचं टोक तारेला टेकवायचं. काडीतून बोटाला हलकी चुणचुण येते. काडी लांब धरली तर कमी, आखूड धरली तर जास्त. बायका-माणसं सगळी रोज हेच करतात, पायात चप्पल घालून, जाता जाता.

"आवडाबाई, गोळ्या बंद केल्या का?"

"केल्या ना सर. महाराज म्हनले."

"मॅडमना विचारलं?"

"मॅडम काय म्हनन? खाऊ घाला म्हनन. अवो, किती वर्सं झाले, पोरगी गोळ्याच खाऊन राह्यली. लोकं इचारतात, कायच्या गोळ्या खाते म्हून. उद्या तिले कोन करन?"

"गोळ्यांमुळेच तर तिला फिट येत नाही."

"फिट येत नाई म्हनजे बरी झाली. मंग काहून खाऊ घालू?"

प्रश्न बरोबर होता. शिकलेल्या माणसांनीही मला तो विचारला आहे. मी तारेकडे बोट दाखवलं. "कुंपण आहे म्हणून डुक्कर आत येत नाही. दोन वर्षं डुक्कर आलं नाही, म्हणून तुम्ही कुंपण काढून टाकाल?"

ती थांबली. काडी हातात तशीच होती.

"हे बराबर म्हनता तुमी," ती म्हणाली. मग काडी टाकून, "आता महाराजाले शबद देल्ला हाये. येत्या गुरवारी त्यायलेच इचारतो, गोळी अन् शक्ती दोनी चालन का म्हून. नाई म्हनले, तं मंग मी पाहीन."

बाई अर्धी वळली होती. वांग्याच्या ओळीत बसलेली प्रियदर्शनी उठून आमच्याकडे आली. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, थे राख नाई हाये. आपन ओढ्याच्या रेतीत चुंबक फिरवलं होतं ना सहावीत, त्याले काळे काळे कन चिपकले होते. थेच हाये थे."

मी विचारलं, "तुला कळलं होतं, तर हात पुढे कशाला केलास?"

"आई रडून राह्यली होती," ती म्हणाली.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? रोज संध्याकाळी मळ्यात गेला असता, आईशी दोन शब्द बोलला असता, गुरुवारच्या आत मॅडमना फोन जोडून दिला असता. मी तसं केलं नाही. माझ्या डोक्यात भर मांडवात महाराजांचं नाक कापायचं भूत शिरलं. भुतं असतात ती अशी.

मी ओढ्यावर गेलो, चुंबकाने वाटीभर काळे कण गोळा केले. मंगरूळपीरला दानिशच्या रिपेरिंगच्या दुकानातून जळालेल्या स्पीकरचं जाडजूड चुंबक आणलं. घरचं पितळेचं ताट घेतलं. आणि पुढच्या गुरुवारी, महाराजांची राख उभी राहायच्या वेळेला, मी मांडवाच्या मध्ये जाऊन पाटावर ताट मांडलं.

"मंत्र येत नाही मला," मी म्हणालो, "पण राख मीही उठवतो."

ताटाखाली चुंबक नेलं. कण उभे राहिले. चुंबक फिरवलं, काटे फिरले. पोरं हसायला लागली. मग मी समजावून सांगितलं. आपल्याकडच्या काळ्या दगडात लोखंडाचं एक खनिज असतं. दगड झिजून ओढ्यात आला, की त्याचे कण रेतीत मिसळतात. चुंबकाजवळ आले, की प्रत्येक कण स्वतःच एक बारकं चुंबक होतो, एकाच्या डोक्यावर दुसरा चढतो आणि काटा तयार होतो. पितळ चुंबकाला अडवत नाही, म्हणून वरच्याला खालचं चुंबक दिसत नाही. "महाराजांचं चुंबक चौरंगाखाली घातलेल्या त्यांच्या गुडघ्याला बांधलेलं आहे. म्हणून महाराज झुकले, की काटे झुकतात. झगा वर करा महाराज, गुडघा दाखवा."

आता मांडव हसायला लागला. ज्यांच्या जागेवर मांडव घातला होता, ते दौलतराव उठून उभे राहिले. महाराजांचं दोन्ही वेळचं जेवण तेच पुरवत होते. "महाराज, हे काय होय जी?"

महाराज जागचे हलले नाहीत. त्यांचा धंदा माझ्या नोकरीपेक्षा जुना होता.

"मास्तर हुशार आहेत," ते म्हणाले. "राख खेळणं आहे, बेटा. लेकरांना खेळण्यानेच शिकवतात, तुम्हीही शाळेत तेच करता. पण शक्ती राखेत कुठे असते? या. चपला काढा. त्रिशूळ धरा. मग सांगा सगळ्यांना, इथे काही नाही म्हणून."

मी गेलो. चपला काढल्या, ओल्या पोत्यावर उभा राहिलो आणि मोठ्या ऐटीत त्रिशूळ धरला.

झांज वाजली. कुणीतरी कोपरावर हातोडा मारावा तसं झालं, तो फटका खांद्यातून उतरून पायाच्या तळव्यातून निघाला, आणि मी ओरडून मागच्या मागे बसलो. चष्मा उडाला. दोनशे माणसं हसली. थोड्या वेळापूर्वी महाराजांना हसली, त्याच्या दुप्पट. मी सोळा वर्षं वीज शिकवली, परिपथ काढले, बल्ब पेटवले, आणि हा झटका कशाचा, तेच मला ओळखता आलं नाही. माझं वावर नाही, कुंपण नाही. माझ्या विजेला चार बाजूंनी पुस्तकाचं पान होतं.

समोरून आवडाबाई म्हणाली, "सर, शक्ती तं हाये ना मंग."

तिने टोमणा मारला नव्हता. ती विचारत होती. पण माझ्या कानात अजून ते हसू होतं. मी तिच्यावरच तुटून पडलो. "तुमच्यासारख्या अडाणी बायांमुळेच हे भोंदू पोसले जातात. मरू द्या पोरीला, मग कळेल."

तिने डोक्यावर पदर घेतला. लेकीचा हात धरला आणि पहिल्या ओळीत जाऊन बसली. महाराजांना जो प्रश्न विचारायचा होता, तो तिने विचारला नाही. त्या दिवशी प्रियदर्शनीने पाच वेळा झटका घेतला. मी पाहिला.

त्यानंतरचे सहा दिवस मी त्या घराकडे फिरकलो नाही. डॉक्टर मॅडमना फोन केला, त्या घाबरल्या. "गोळी अशी एकदम तोडायची नसते. बंद झालेली फिट दुपटीने परत येते, कधी कधी थांबतच नाही. भांडू नका सर, फक्त तिला घेऊन या." मी प्रियदर्शनीजवळ निरोप दिला, आईला सांग म्हणून. स्वतः गेलो नाही. अपमान माझा झाला आहे, असं मला वाटत होतं. हे लिहायला जड जातं, पण लिहिलं पाहिजे.

बुधवारी दुसऱ्या तासाला प्रियदर्शनी बाकावरून खाली पडली. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. एक जण कांदा हुंगवायला धावला, एक जण चप्पल. मी दोघांना बाजूला केलं, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली दप्तर दिलं, तोंडात काही घालू दिलं नाही आणि घड्याळ पाहिलं. दीड मिनिट. शुद्धीवर आल्यावर तिने वह्या गोळा केल्या आणि विचारलं, "सर, माही गिनती परत एकपासून होईन का?" दोन वर्षं चार महिने ती मोजत होती.

आवडाबाई येऊन तिला घेऊन गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. गेली ती सरळ मांडवात. महाराज म्हणाले, "बाहेर निघताना असंच निघतं, माई. ही शेवटची फडफड. उद्या पूर्ण शक्ती. एकशे आठ झटके."

एकशे आठ. मी गुरुवारी मांडवाच्या बाहेर उभा होतो. आत जायचं तोंड नव्हतं. ठरवलं होतं, पोरीने त्रिशूळ धरला की मध्ये पडायचं, मग लोक काय मारायचं ते मारू देत.

आवडाबाईच्या घरची एक रीत होती. मळ्यात नवं काही निघालं, की पहिली जुडी देवाला. त्या आठवड्यात कांद्याची पात निघाली होती. लेकीला पोत्यावर उभं करायच्या आधी ती पुढे झाली, नळावर धुतलेली, पाणी गळणारी हिरवी जुडी तिने दोन्ही हातांत धरली आणि पातीची टोकं त्रिशुळाला टेकवली.

ती तशीच उभी राहिली. पाया पडली नाही, मागेही सरली नाही. जुडी उचलली, पुन्हा टेकवली. मग तिने जुडीतून एक पात ओढली, मधून मोडली आणि आखूड धरून त्रिशुळाला लावली. तिचं बोट आखडलं. तिने मान तिरकी केली, जशी ती धुऱ्यावर करते.

"माई, पुढे व्हा, वेळ टळते आहे," महाराज म्हणाले.

"झांज बंद करा," आवडाबाई म्हणाली.

"माई, नाद ब्रह्म आहे. नाद थांबला तर शक्ती..."

"झांज बंद कर रे बाबू," ती शिष्याला म्हणाली. आवाज चढवला नव्हता. बाजारात माप धरताना ती याच आवाजात बोलते. शिष्याचा हात आपोआप थांबला.

मांडव शांत झाला. आणि त्या शांततेत पिंपाच्या मागून आवाज आला. टक. टक. टक.

मांडवात बसलेल्या दोन-अडीचशे माणसांपैकी निदान शंभरांच्या धुऱ्यावर हा आवाज रात्रंदिवस चालतो. झोपेतसुद्धा तो थांबला, तर ती उठून बसतात. त्या माणसांची तोंडं कशी झाली, ते मी पाहिलं. कुणी कुणाकडे बघेना.

"झटका मशीन हाये हे," आवडाबाई म्हणाली. "माह्या वांग्याले हाये, थेच."

दौलतराव उठले. त्यांनी पिंपामागचा गालिचा उचलला. खाली निळी पेटी, बॅटरी आणि दोन तारा. एक तार पिंपाच्या बुडातून वाळूत शिरून त्रिशुळाला गेलेली, दुसरी ओल्या पोत्याखाली जमिनीत ठोकलेल्या खुंटीला. दौलतरावांनी तीच कंपनी, तेच मॉडेल दिवाळीत घेतलं होतं. 

"माता, विद्युत म्हणजेच देवीचं रूप," महाराज म्हणाले. चिवट माणूस. "ज्यात शक्ती, त्यात देवी."

"मंग देवी माह्या मळ्यात डुकरं हाकलते," आवडाबाई म्हणाली. "माह्या लेकराची गोळी तुनं काहून बंद केली?"

महाराजांनी झगा सावरला. ते खडावा वाजवत मांडवाच्या मागच्या बाजूने निघाले आणि गाडीत बसले. कुणी अडवलं नाही, कुणी अंगावर हात टाकला नाही. हात टाकायलाही तोंड लागतं.

आता यात वीज कुठे, देव कुठे, ते सांगतो, कारण नंतर मला गावोगाव हेच विचारतात. झटका मशीनमधून निघालेल्या विजेला जमिनीपर्यंत जायला वाट हवी असते. वाट मिळाली, की ती धावते. कोरडी वाळू आणि प्लास्टिकचं पिंप यांतून तिला वाट नाही, म्हणून ती त्रिशुळातच थांबून राहते. ओल्या पोत्यावर अनवाणी उभ्या माणसाने त्रिशूळ धरला, की तो माणूसच तिची वाट होतो. महाराजांच्या खडावा कोरड्या लाकडाच्या, खाली रबर ठोकलेलं, म्हणून त्यांच्या अंगातून वाट नाही. झांज यंत्रावर हुकूम चालवत नव्हती. शिष्य कान देऊन टकच्या तालावर ती वाजवत होता आणि टक झाकत होता.

आणि घरोघर हे यंत्र असताना गावाला ते ओळखू का आलं नाही? कारण आमचं गाव फार जपून वागतं. तारेला रोज हिरवी काडी लावायची, पायात चप्पल ठेवायची. लांब काडी आणि चप्पल बरीचशी वीज अडवतात, बोटापर्यंत नुसती चुणचुण येते. ज्या दोन-चार जणांना चुकून तार लागली होती, तीही चपलेत असताना. ओल्या जमिनीवर, उघड्या पायाने, मूठ आवळून तो झटका कुणी कधी घेतलाच नव्हता. काडीतून आली, तेव्हा ती मशीनची. त्रिशुळातून आली, तेव्हा ती देवाची. वीज तीच होती.

पण त्या वेळी हे ऐकायला आवडाबाई थांबली नव्हती. तिने लेकीला घेतलं, माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "सर, गाडी काढा."

डॉक्टर मॅडमनी संध्याकाळीच भरती करून घेतलं, औषध चालू केलं. म्हणाल्या, औषध रक्तात पुरेसं चढायला वेळ लागतो, तोवर डोळ्यासमोर राहू दे. शुक्रवारी दुपारी फिट आली. ती थांबली नाही. एक संपायच्या आत दुसरी. मॅडमनी सगळे उपाय केले, मग ॲम्ब्युलन्सने अकोल्याला हलवलं. पन्नास मिनिटं पोरीचा मेंदू त्या झटक्यांत होता. आणि ते झटके कुठल्याही पेटीतून निघत नव्हते, त्यांना काडी लावून बघता येत नव्हतं.

ती वाचली. अकराव्या दिवशी तिने आईला ओळखलं. तिसऱ्या आठवड्यात स्वतःचं नाव लिहिलं, लिहिताना मधलं एक अक्षर गाळलं. आता ती शाळेत येते. वाचता वाचता ओळ सुटते, बोलताना शब्द सापडत नाही, मग ती माझ्याकडे बघून हसते. डॉक्टर म्हणतात, वेळ द्या, बरंच परत येईल. बरंच. सगळं म्हणत नाहीत.

अकोल्याच्या दवाखान्यात, वॉर्डाबाहेरच्या बाकावर, आवडाबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"सर, तुमी मळ्यात येऊन कुंपनाचं सांगतलं होतं ना, थे मले पटलं होतं," ती म्हणाली. "गुरवारी महाराजाले इचारून त्याच दिवशी गोळी चालू करायची, असं मी मनात धरलं होतं. मंग तुमी चारचौघात मले अडाणी म्हनलं. पोरगी मरू द्या म्हनलं. मले राग आला. तुमच्या रागानं मी आठ रोज काढले."

तिने मला दोष दिला नाही. ती उठून आत लेकीजवळ गेली. मी त्या बाकावर बसून राहिलो.

महाराजांना पोलिसांनी दोन महिन्यांनी पकडलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, मग जामीन झाला. ऐकतो, की दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या नावाने बसतात, आता त्रिशुळाऐवजी कलश आहे. आणि दौलतराव परवा पारावर म्हणत होते, "तो खोटा निंगाला, खरी गोष्ट हाये. पन सारेच थोडी खोटे रायतात." चार माणसांनी माना डोलावल्या. त्यांत दोघं त्या पोत्यावर उभे राहिलेले होते.

मी आता दर रविवारी एखाद्या गावात जातो. आवडाबाई सोबत येते, तिनेच तसं म्हटलं. मी राख उठवतो, पेटी उघडून दाखवतो, लोकांना पोत्यावर चप्पल घालून आणि चप्पल काढून उभं करतो. लोक हसतात, टाळ्या वाजवतात. मी त्यांना सांगतो, की चमत्कार दिसला तर हरकत नाही, बघा. पण त्याच्या मागे-खाली काय आहे ते उचलून बघा, आवाज होत असेल तर तो थांबवून ऐका, आणि ज्याला प्रश्न विचारले की राग येतो त्याच्या हातात आपलं लेकरू देऊ नका. आणि जो अजून फसलेला आहे त्याला हसू नका, त्याच्या घरी जा. हे शेवटचं मी स्वतःला सांगतो.

मग आवडाबाई उठते. तिला भाषण येत नाही. ती बायांच्या बाजूला तोंड करते आणि दरवेळी तेवढंच सांगते.

"बायांनो, कोनीही सांगो, डाक्टरले न इचारता लेकराची गोळी बंद करू नका. मी केली."

आणि ती खाली बसते.